दहातली चौथी कॅसेट

रामनगरात आमचं घर गोव्याच्या रस्त्याला लागून होतं. पुढच्या खोलीत आप्पांचं शिवणकाम, मागं स्वयंपाकघर, त्याच्यामागं मोरी आणि मोरीपलीकडं फणसाची दोन झाडं सोडली की रान. पुढच्या खोलीत फळीवर, शिवायला आलेल्या कापडांच्या शेजारी, आमचा टेपरेकॉर्डर असायचा. त्याच्यावर आप्पांनी स्वतः शिवलेलं मखमलीचं झाकण होतं, बटणांच्या जागा मापानं कापलेलं. गिऱ्हाइकाचा ब्लाउज त्यांनी सांगितल्या दिवशी कधी दिला नाही, पण त्या झाकणाची शिवण उसवली तर हातातलं काम टाकून ते आधी ती घालायचे. मशीन चालू तर टेप बंद, टेप चालू तर मशीन बंद, हा त्यांचा नियम. लग्नसराईत बायका दारात उभ्या राहून ओरडायच्या, "आप्पा, मुहूर्त टळल्यावर देणार काय पोलकं?" आणि आप्पा डोळे न उघडताच हातानं थांबा म्हणायचे. अंतरा संपल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत.

आईचं माहेर हल्याळच्या पलीकडं. माणसं आमच्यातलीच, पण कानडीत मुरलेली. तिची शाळाही कानडी. आमच्याकडं येऊन ती मराठी इतकं चांगलं बोलायला लागली होती, की तिला दुसरी भाषा येते हे आम्ही पोरं विसरूनच गेलो होतो. ती आठवण राहिली होती फक्त चुलीजवळ. आप्पांसाठी उकड्या तांदळाचा भात आणि आमसुलाचं सार व्हायचं आणि स्वतःसाठी, सगळ्यांचं झाल्यावर, ती एखादी जोंधळ्याची भाकरी थापायची. तिच्याबरोबर शेंगांची चटणी. मी पुष्कळदा तिच्या ताटातली अर्धी भाकरी पळवायची. ती काही म्हणायची नाही. पुढच्या खोलीत गाण्यावरून कितीही आरडाओरडा चालला, तरी ती कधी त्यात पडली नाही. चहा ठेवायची, कप न्यायची, मोरीवर बसून भांडी घासायची. तिला गाण्यातलं काही कळत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आरडाओरडा करणारे तिघे. आप्पा, लाकडाच्या डेपोतले कारकून रावजी आणि शाळेत मराठी शिकवणारे देसाई मास्तर. चौथा माझा थोरला भाऊ सदाण्णा, पण त्याला कुणी जमेत धरत नसे, कारण त्याला गोव्याकडच्या नाचाच्या कॅसेटी आवडायच्या. संध्याकाळी पाच वाजता सगळे जमायचे. हे तिघे मित्र होते असं लोक म्हणायचे. मी त्यांना एकमेकांशी गोड बोलताना पाहिलेलं नाही. एकाला जे आवडेल ते दुसऱ्यानं पायदळी तुडवायचं, हीच त्यांची बैठक. मास्तरांना पुण्याकडचं, वाद्यमेळाच्या थाटातलं गाणं हवं असे. रावजींना नाटकातली पदं. आणि आप्पांचा देव म्हणजे मिरजेकडचे एक म्हातारे भजनीबुवा. त्यांची एकच कॅसेट निघाली होती. ती इतकी वाजली होती की बुवांच्या आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी थरथर लागली होती. ती थरथर बुवांचीच, असं आप्पा शपथेवर सांगायचे.

बेळगावहून संगीताचं एक मासिक टपालानं आमच्याकडं यायचं. त्याच्या एका अंकात ती यादी आली. 'सरत्या दशकातल्या दहा उत्तम ध्वनिफिती.' मास्तरांनी ती उभ्यानं, वर्गात निकाल वाचावा तशी वाचली. पहिल्या नंबरावर पुण्याची अभंगांची कॅसेट आली तेव्हा ते स्वतःच पास झाल्यासारखे हसले. तिसऱ्यावर गोव्याची नाचाची एक आली आणि सदाण्णानं दाराच्या चौकटीवर थाप मारली. चौथ्यावर एक कानडी. हल्याळच्या चंद्रव्वा नावाच्या बाईंनी म्हटलेली जुनी कानडी वचनं, म्हणजे आपल्या अभंगांसारखी पदं. मास्तर तिथं थबकले, मग पुढं वाचत गेले. दहावी संपली. बुवांचं नाव आलंच नाही.

"परत वाच," आप्पा म्हणाले.

"परत वाचून काय होतंय? न्हाई म्हणजे न्हाई."

"वगळलं असंल चुकून. छापणाऱ्याची चूक असंल."

"छापणाऱ्याची कशाला?" रावजी म्हणाले. "तुझ्या बुवाला तुझ्याबिगर ऐकतंय कोण? एक तू आणि दुसरी ती तुझी मशीन."

आप्पांनी हातातली कात्री खाली ठेवली. "रावजी, तुझ्या कानात लाकडाचा भुसा बसलाय. डेपोत बसून बसून."

"आणि तुझ्या कानात दोरा."

मास्तर मध्ये पडले ते भांडण मिटवायला नव्हे. त्यांनी सांगितलं, की बुवांचं गाणं म्हणजे गावच्या सप्त्यात चालतं तसलं. आता काळ पुढं गेला. यावर आप्पांनी मास्तरांना अशी एक शिवी दिली की मी ती पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकली. तासभर तेच चाललं. तिघांचे आवाज चढले, रस्त्यावरचा एक लॉरीवाला काय झालं बघायला आत डोकावून गेला. शेवटी तिघांना एकमेकांना खायचा कंटाळा आला तेव्हा त्यांना सगळ्यांना मिळून खाता येईल असं काहीतरी सापडलं. ती चौथ्या नंबरची कानडी कॅसेट.

"मराठी मासिकात कानडी आणलं कशाला?" हा रावजींचा प्रश्न. आप्पांना तो फार पटला. बुवांची जागा कुणी घेतली हे आता त्यांना कळलं होतं.

माझी नात हल्ली फोनवर अशाच याद्यांवरून भांडते. कुणीतरी कुठंतरी वर्षातले दहा अल्बम निवडतं आणि ही पोरगी जेवण सोडून अनोळखी माणसांना अद्वातद्वा लिहीत बसते. मी तिला काही म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकार नाही, तो कसा गेला तेच आता सांगते.

पुढच्या आठवड्यात रावजींनी हल्याळहून ती कॅसेट आणली. ऐकायला नव्हे, हाणायला. ती टेपात घातली आणि पहिल्या वचनापासून तिघेही बोलत राहिले. बाईंचा आवाज बारीक आणि खरखरीत होता; साथीला एक तंबोरी आणि झांजा, बस्स. मला आठवतंय, आई चहाचे कप घेऊन आली आणि ते खाली न ठेवता दाराशीच उभी राहिली. चहावर साय धरली. आप्पा म्हणाले, "ठेव की गे," तेव्हा ती भानावर आली. पहिली बाजू अर्धी झाली असेल नसेल, आप्पांनी टेप बंद केला आणि मला वही-पेन आणायला सांगितलं.

माझं अक्षर चांगलं होतं. सोळा वर्षांची होते आणि शाळेत निबंधाला दरवर्षी पहिला नंबर. आप्पांनी संपादकांना पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. बुवांवर अन्याय, मराठी वाचकांचा अपमान, असलंच काहीतरी. मजकूर अगदीच पुळचट होता. रात्री बसून पक्की प्रत करताना मला वाटलं, याला थोडी फोडणी हवी. कुणाला न विचारता मी चंद्रव्वांच्या परिच्छेदाखाली एक वाक्य घातलं: 'पहिली बाजू ऐकताना आम्हाला बराच वेळ वाटत होते, की शेजारच्या घरात कुणी भांडी घासत आहे.' मला ते इतकं आवडलं की मी एकटीच हसले. खाली 'श्रोते मंडळ, रामनगर' असं लिहून, आप्पांची सही घेऊन मी पाकीट टपालात टाकलं. आप्पांनी वाचून पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी पत्र छापून आलं. बाकीचं सगळं कापून टाकलं होतं. फक्त माझं वाक्य, चौकटीत, ठळक अक्षरात आणि खाली आप्पांचं नाव. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. रावजींना हसून हसून ठसका लागला. "आप्पा, लेका, तू शिंपी कशाला झालास? लेखक व्हायचास!" आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण गावात त्यांचं असं कौतुक कधी झालं नव्हतं. त्यांनी मान खाली घालून मिशीवरून हात फिरवला आणि ते वाक्य स्वतःचं करून घेतलं.

आई मोरीवरून उठून आली. हाताला कोपरापर्यंत राख होती.

"परत वाचा मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी हसत हसत परत वाचलं.

"कोण म्हणालं हे?"

"तुझाच नवरा की, वैनी. नाव बघ."

"चंद्रव्वांकडं मी आठ वर्सं शिकले," आई म्हणाली. "लग्न ठरलं त्या आठवड्यापर्यंत जात होते. ह्या कॅसेटात दुसऱ्या बाजूला जी चाल हाय, मागनं मी एकटीनं ऐकली, ती त्यांनी माझ्यासमोर बांधली. मी शेजारी बसलेली होते."

मास्तरांनी मासिक मिटलं. तिथंच आप्पा काहीतरी बोलले असते, चुकलं म्हणाले असते, तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. पण मित्र समोर बसले होते आणि कौतुक अजून ताजं होतं.

"इतकी वर्सं कधी सांगितलं न्हाईस ते?" ते म्हणाले.

"कधी विचारलात?"

"विचारायचं काय त्यात! कानडी ते कानडीच. माझ्या घरात मराठी चालतंय. तुझं ते गाणं माहेरीच राहिलं हे बरं झालं."

आईनं त्यांच्याकडं पुरतं पाहून घेतलं. मग अगदी शांतपणे ती एकच शब्द बोलली, "आत्तु." कानडीत याचा अर्थ होतो, झालं. ती मोरीवर परत गेली आणि राहिलेली भांडी तिनं घासून पुरी केली. त्यानंतर कित्येक महिने त्या घरात ती मराठीचा एक शब्द बोलली नाही.

पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, राग निवळेल. तो निवळला नाही. ती सगळी कामं करायची, वेळेवर वाढायची, पण बोलायची फक्त कानडी, आणि मराठीत विचारलेलं तिला ऐकू यायचं नाही. 'आई' म्हटलं तर मान वर व्हायची नाही. 'अव्वा' म्हटलं की व्हायची. आप्पांना कानडी उत्तम यायचं. आठवड्याच्या बाजारात गिऱ्हाइकांशी ते तासन्‌तास कानडीतच बोलायचे. पण घरात ते हट्टानं मराठीच बोलत राहिले. भाताला मीठ कमी असलं की ते म्हणायचे, "मीठ." आई चुलीकडं तोंड करून बसलेली. परत, "मीठ!" ती जागची हलायची नाही. उप्पु म्हणाले असते तर तिनं बरणीच पुढं केली असती. ते अळणी भात गिळून उठायचे. सदाण्णा सरळ कानडीत बोलायला लागला, त्याला कशाचंच काही नसायचं. तर आप्पांनी त्याला फितूर ठरवून त्याच्याशी बोलणं सोडलं. पाच वाजताची बैठक मोडली. मास्तर यायचे थांबले. रावजी एकदा समजूत घालायला आले आणि आप्पांनी त्यांनाच सुनावलं, "कॅसेट आणली कुणी? तूच आणलंस हे घरात."

सगळ्यात वाईट माझी गत. आई त्या वाक्याचा राग आप्पांवर काढते आहे असं मी समजत होते, आणि ते वाक्य माझं होतं. भाकरी आता मी तिच्या ताटातून घेत नव्हते. भांड्यांचा आवाज आला की मी मागच्या दारानं बाहेर जायची. आप्पाही सांगत नव्हते, मीही सांगत नव्हते. ते का सांगत नव्हते हे मला अजून नीट ठरवता येत नाही. मला वाचवत होते की स्वतःचं नाव वाचवत होते, दोन्ही असेल. असे पाच-सहा महिने गेले. घरातला पंचमीचा सण नुसता ताटं मांडून आणि उचलून पार पडला.

एका दुपारी आई फणसाखाली कपडे वाळत घालत होती. मी जवळ गेले आणि मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, की ते भांड्याचं वाक्य आप्पांचं नाही, माझं आहे. हातातला ओला कपडा तिनं पिळला होता, तो परत पिळला. मला वाटलं ती मारणार. तिनं मारलं नाही. म्हणाली ते कानडीतच, की परवा सकाळच्या गाडीनं आपण हल्याळला जाऊ, चांगली साडी नेस.

चंद्रव्वांचं घर बाजारपेठेच्या मागं होतं, दोन खोल्यांचं. बाहेर शेणानं सारवलेला कट्टा. बाई वाळक्या, उंच, पांढऱ्या लुगड्यातल्या. आई त्यांच्या पाया पडली, आणि कानडीत माझ्याकडं बोट दाखवून तिनं जे सांगितलं ते मला कळलं: ही माझी मुलगी, ते हिनं लिहिलं. बाईंनी मला बस म्हटलं नाही. मी उभीच होते. आणि त्या माझ्याशी बोलायला लागल्या ते मराठीत. आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा, देसाई मास्तरांपेक्षाही स्वच्छ मराठीत. तरुणपणी त्या मिरजेला चार वर्षं शिकायला होत्या, हे मला नंतर कळलं.

"मासिक माझ्याकडंही येतं," त्या म्हणाल्या. "वाक्य म्हणून दाखव."

मी रडायच्या बेतात होते. "मला पाठ नाही."

"स्वतःचं लिहिलेलं पाठ नाही? म्हण."

मी म्हटलं. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, शिष्याचं ऐकावं तसं.

"वाक्य चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझा गळा खरखरीत आहे हे खरंच आहे. लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून. आता मला सांग, सूर कुठं चुकला?"

"सूर... मला माहीत नाही."

"दुसरी बाजू ऐकलीस?"

"नाही."

"पहिली?"

"अर्धी."

त्यांनी आत हाक मारली. माझ्याच वयाची एक मुलगी तंबोरी घेऊन आली. बाईंनी तिला एक ओळ दोनदा म्हणायला लावली आणि मला विचारलं, कुठली बरोबर. मी म्हटलं, पहिली. परत म्हणायला लावली, परत विचारलं. मी म्हटलं, दुसरी. ती मुलगी ओठ दाबून हसू आवरत होती. माझी आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं एकदाही माझी सुटका केली नाही.

"तुझं अक्षर चांगलं म्हणून तुझा कान चांगला, असं तुला कुणी सांगितलं?" चंद्रव्वा म्हणाल्या.

मी म्हटलं, मी मासिकाला दुसरं पत्र लिहिते, माझ्या नावानं, माफी मागते. बाईंना तेव्हा खरा राग आला. "म्हणजे परत तुझंच नाव छापून येणार! माफीसुद्धा वाचून लोकांनी वाहवा करायची. काही लिहू नकोस. बस तिथं आणि ऐक."

मग त्या आईकडं वळल्या आणि म्हणाल्या, "गिरिजा, हाड." गा, असं. आई नको नको म्हणाली. वीस वर्षांत तिनं तोंड उघडलेलं नव्हतं. बाईंनी तंबोरी छेडायला लावली आणि वाट बघत राहिल्या. आईचा आवाज फुटला तेव्हा तो पहिल्या ओळीतच फाटला. बाई म्हणाल्या, परत. पुन्हा फाटला. परत. हे गोड वगैरे काही नव्हतं. दुपारभर बाई तिच्यावर ओरडत होत्या, एकदा मांडीवर चापटही मारली आणि माझी आई, दोन मुलांची आई, कानाला हात लावून परत तीच ओळ घेत होती. चार वाजता एक ओळ तिला धड आली. बाई कौतुकाचं काही बोलल्या नाहीत. चहा मात्र तिघींना केला. निघताना आईनं पाया पडल्यावर मीही वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतले.

परतीच्या गाडीत दांडेली मागं पडल्यावर आई माझ्याशी मराठीत बोलली. इतक्या महिन्यांनी तो आवाज मला परका वाटला.

"तुझं मी सोडून दिलं," ती म्हणाली. "तू पोर हायस, कळंल तुला."

"मग आप्पांशी पण बोल की आता. ते वाक्य त्यांचं नव्हतं, कळलं ना तुला."

"त्या वाक्याचा राग न्हवताच मला त्यांच्यावर. भांडी घासल्यासारखं गातात म्हणाले, म्हणू देत. त्यांना कळतंय काय त्यातलं?" ती खिडकीबाहेर बघत होती. "माहेरीच राहिलं हे बरं झालं म्हणाले. ते वाक्य त्यांचंच हाय की न्हाई? का तेबी तू लिहून दिलं व्हतंस?"



ती पुढं महिन्यातून एकदा हल्याळला जात राहिली. आप्पांनी कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही. मासिक काही वर्षांनी बंद पडलं. चंद्रव्वा गेल्या तेव्हा आई चार दिवस तिकडंच होती. माझ्याशी, सदाण्णाशी, शेजाऱ्यांशी ती हळूहळू पूर्वीसारखी मराठी बोलायला लागली, पण आप्पांशी नाही. ती कानडीत विचारायची, ते मराठीत सांगायचे. लोकांना वाटायचं, आमच्या मुलखात असं चालायचंच. माझं लग्न, सदाण्णाचं लग्न, घराचं छप्पर बदलणं, सगळं त्यांनी त्या दोन भाषांत निभावलं.

आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी माहेरी होते. आई दुपारी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होती. मान मागं टाकून, डोळे मिटून ते आरामखुर्चीत पडले होते. शिवण थांबली होती, मित्रांपैकी कुणी उरलं नव्हतं. मी दारात तांदूळ निवडत होते.

"गिरिजा," ते म्हणाले, "चुकलं माझं त्या दिवशी."

आईनं दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकला. ओघळलेलं पदरानं टिपलं.

"गोत्तैति," ती म्हणाली. ठाऊक आहे.

आणि कानडीतच त्यांना बजावलं, की अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत.